शेळीची साक्ष

सुमारे वीस वर्षांपूर्वी नैरोबीच्या न्यायालयात एक शेळी पुरावा म्हणून आणली गेली. तिच्या तोंडात दात उरले नव्हते. केनियातल्या बारिंगो सरोवराच्या दक्षिण काठावर राहणाऱ्या इल्चामूस पशुपालकांनी तिला राजधानीपर्यंत आणलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या रानात वनीकरणाच्या नावाखाली परदेशी झाड लावलं. त्याच्या शेंगा गोड असतात, शेळ्या त्या आवडीने खातात. तो चिकट गोडवा दातांत बसतो, दात किडतात, पडतात. दात गेलेली शेळी चरू शकत नाही आणि भरल्या रानात उपाशी मरते.

हे झाड आपल्या ओळखीचं आहे. केनियात त्याला 'मथेंगे' म्हणतात, आपण 'वेडी बाभूळ' म्हणतो. रेल्वेच्या रुळांकडेला, पडीक गायरानात, कोरड्या ओढ्याच्या पात्रात ती माजलेली आपण रोज पाहतो. बारिंगोत ती आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वाळवंट पसरू नये, बायकांना सरपण मिळावं, उघड्या जमिनीवर काहीतरी हिरवं दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. हिरवं तर झालंच. सरोवराकाठचं गवत तिने गिळलं, पाण्याकडे जाणाऱ्या वाटा बंद केल्या, गुरांच्या खुरांत आणि माणसांच्या पायांत काटे भरले. लावण्याआधी एक प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता: हे झाड शेळीला चालेल का?

आफ्रिकेच्या कोरडवाहू प्रदेशांतल्या संशोधनाबद्दल काहीही वाचताना मला ही शेळी आठवते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार आफ्रिकेचा सुमारे ४३ टक्के भूभाग पशुपालनाच्या कामी येतो आणि साधारण २७ कोटी माणसं त्यावर जगतात. एवढ्या माणसांसाठी विज्ञानाने काही करावं की नाही, हा वादाचा विषयच नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या पशुपालकांचं सर्वांत मोठं तंत्र म्हणजे त्यांचं चालणं: कळप घेऊन, योग्य वेळी, योग्य दिशेने चालणं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिथे जे संशोधन या चालण्याच्या बाजूने उभं राहिलं, ते रुजलं. ज्याने चालणं थांबवायला पाहिलं, ते पैसा आणि हुशारी दोन्ही असून रानात वाळून गेलं.

चालणं हा मागासपणा आहे, हे शास्त्राच्या भाषेत फार काळ सांगितलं गेलं. १९२६ मध्ये मेलव्हिल हर्सकोविट्स या मानवशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या गोपालकांच्या संस्कृतीवर लिहिताना त्यांच्या गुरांच्या ओढीला एक नाव दिलं. पुढे त्या नावाचा अर्थ असा रूढ झाला की ही माणसं गुरांच्या वेडापायी हिशेब विसरतात. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली: रान सगळ्यांचं असलं की जो तो एक गुरू जास्त सोडतो आणि शेवटी गवत संपतं. युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. मात्र हार्डिनचं कुरण कागदावरचं होतं, तिथे माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. स्वतंत्र केनियाच्या राज्यकर्त्यांनी तर १९६५ च्या धोरणपत्रातच ठरवून टाकलं होतं की गुंतवणूक चांगल्या पावसाच्या, चांगल्या जमिनीच्या भागात करायची. उत्तरेकडच्या कोरड्या जिल्ह्यांच्या वाट्याला मग रस्ते आले नाहीत, शाळा आल्या नाहीत. आलेच तर वेळोवेळी प्रकल्प आले.

विज्ञानानेच विज्ञानाची चूक दुरुस्त केली, हे मला फार मोलाचं वाटतं. १९८८ मध्ये एलिस आणि स्विफ्ट या दोघा संशोधकांनी केनियाच्या तुर्काना भागातल्या अभ्यासावरून एक निबंध लिहिला. तोवर समज असा होता की प्रत्येक रानाची ठरावीक गुरं पोसण्याची ताकद असते, तेवढीच गुरं ठेवली की समतोल राहतो. त्यांनी दाखवलं की जिथे पाऊसच एका वर्षी येतो, दोन वर्षं दडी मारतो, तिथे असा समतोल मुळात नसतो. गुरांची संख्या गवत ठरवत नाही, दुष्काळ ठरवतो. आपल्याकडे वळीव एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे धूळ उडत राहते. त्याच गोष्टीची शेकडो कोसांवर कल्पना करावी. अशा मुलखात एका जागी राहून सरासरी पावसावर जगणारा माणूस बुडतो. पाऊस पडला तिकडे कळप हाकणारा तरतो. अदिस अबाबाच्या आंतरराष्ट्रीय पशुधन केंद्रातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात इथिओपियाच्या बोराना पशुपालकांची तुलना केनियातल्या कुंपणबंद रँचेसशी केली. दर हेक्टरी अन्न बोरानांकडेच जास्त निघालं. ज्यांना हिशेब येत नाही असं म्हटलं जात होतं, त्यांचा हिशेब बरोबर होता.

पाण्याच्या बाबतीतही हा हिशेब आधी कुणी विचारात घेतला नाही. सेनेगलच्या फेर्लो भागात १९५०च्या दशकापासून खोल विंधनविहिरी खोदल्या गेल्या. पाणी नसल्यामुळे गुरं मरतात, तेव्हा पाणी द्या, असा साधा विचार त्यामागे होता. १९७२-७३ चा दुष्काळ आला तेव्हा विहिरींना पाणी होतं, पण त्यांच्या भोवतीच्या कोसभर परिसरात गवताची काडी नव्हती. गुरं पाण्याशेजारी भुकेने मेली. पाणी आणि गवत यांचं नातं कुणी, केव्हा, किती दिवसांनी कुठे यायचं या शिस्तीवर टिकतं. नव्या विहिरीबरोबर ती शिस्त आली नव्हती.

ती शिस्त काय असते हे बोरानांच्या विहिरीवर कळतं. दक्षिण इथिओपियातल्या या जुन्या विहिरींना 'तुला' म्हणतात. काही तीस मीटरपर्यंत खोल आहेत. आत शिडीवर माणसं एकाच्या डोक्यावर एक अशी उभी राहतात. सगळ्यांत खालचा पाण्याने भरलेलं भांडं वर फेकतो, वरचा ते झेलतो आणि त्याच्याही वरच्याकडे देतो, रिकामं भांडं त्याच तालात खाली येतं. ताल चुकू नये म्हणून ते गातात. वर मातीची लांब डोण असते, तिच्यात पाणी पडत राहतं आणि उतरत्या वाटेने एकेक कळप रांगेत खाली येतो. कोरड्या दिवसांत गाई रोज येत नाहीत, तिसऱ्या दिवशी येतात. मधल्या वेळात त्या लांबच्या गवताला जाऊन येतात. कुणाचा कळप केव्हा पिईल हे 'अबा हेरेगा' ठरवतो. हेरेगा म्हणजे पाळी आणि अबा म्हणजे बाप; हा पाळीचा कारभारी. विहीर ज्या कुळाने खोदली त्याचा मान मोठा, तरी तहानलेल्याला साफ नाही म्हणता येत नाही. दुष्काळात किंवा लुटीत कळप गेलेल्या घराला कुळातल्या लोकांनी गुरं द्यायची, यालाही बोरानांत नाव आहे: 'बुसा गोनोफा'. हार्डिनच्या कुरणात यातलं काहीच नव्हतं. १९९०च्या दशकात आणि त्यानंतर जे पाणीप्रकल्प नीट चालले, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच शहाणपण होतं: आधी अबा हेरेगाशी बोलायचं, पाइप नंतर टाकायचा.

संशोधन आणि पशुपालक यांची सर्वांत मोठी जोडगाथा मात्र एका रोगाची आहे, आणि तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. बुळकांडी. आपल्या जुन्या पिढीच्या शेतकऱ्याला हा शब्द ऐकला तरी धास्ती वाटायची. १८८७ मध्ये हा रोग आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरं बहुधा हिंदुस्थानातली होती, असं इतिहासकार मानतात. दहा वर्षांत तो खंड ओलांडून दक्षिण टोकाला पोचला. अनेक भागांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं गेली. इथिओपियात भयानक दुष्काळ पडला. मसाई लोक त्या काळाला 'एमुताई' म्हणतात. त्याचा अर्थ पुसून टाकणं असा होतो. त्यानंतर आलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांना जी 'रिकामी' कुरणं दिसली, ती रिकामी झालेली होती. त्यातल्या कित्येकांवर पुढे गोऱ्यांची शेतं आणि अभयारण्यं उभी राहिली.

हिंदुस्थानातही हा रोग गुरं ओढून नेत होताच. त्यावर आणि इतर पशुरोगांवर संशोधन करण्यासाठी इंग्रज सरकारने १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू केली. १८९३ मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलवली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. बुळकांडीवर सर्वांत चांगली लस मात्र केनियातच तयार झाली. नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी ती विकसित केली आणि १९९९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. लस उत्तम होती, स्वस्त होती. तिला एकच अडचण होती: बर्फ. प्रयोगशाळेपासून सुईच्या टोकापर्यंत ती थंड राहायला हवी. जिथे रस्ता संपतो, वीज नाही, बंदुका चालतात आणि कळप सतत हलत असतात, तिथेच रोगाचे शेवटचे अड्डे उरले होते. शीतपेटी घेतलेली सरकारी गाडी तिथे पोचत नसे. १९६०-७०च्या दशकांत मोठी मोहीम झाली, रोग जवळपास गेला, मोहीम थंडावली आणि १९८०च्या दशकात तो पुन्हा उसळला.

मग दोन गोष्टी झाल्या. जेफ्री मॅरिनर या अमेरिकी पशुवैद्याने तीच लस अशी सुकवली की ती महिनाभर बर्फाविना टिकेल. हे प्रयोगशाळेतलं काम झालं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ती लस कुणाच्या हातात द्यायची हे बदललं. इथिओपियातलं अफार, युगांडातलं करामोजा, दक्षिण सुदान या भागांत पशुपालकांनीच आपल्यातली माणसं निवडली, त्यांना शिकवलं गेलं आणि ती लस पाठीवर घेऊन कळपांच्या मागे गेली. सरकारी पथक ज्या खोऱ्याच्या तोंडाशी थांबे, त्याच्या आत ही माणसं जन्मली होती. कोणता कळप कुठे आहे, कुणाचं कुणाशी वैर आहे, कोणत्या दिवशी गुरं एका पाणवठ्यावर गोळा होतात, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.

रोग शोधण्याच्या कामीही तेच झालं. सोमाली मुलखात या विषाणूचा एक सौम्य प्रकार होता. त्यात गुरं पटापट मरत नसत, म्हणून पुस्तकी लक्षणांवर शोधणाऱ्याच्या नजरेतून तो निसटे. पशुपालकांना मात्र हा सौम्य आजार ओळखता येत होता आणि तो कुठे, केव्हा येऊन गेला हे ते सांगू शकत होते. संशोधकांनी त्यांच्याशी बसून बोलण्याचीच एक पद्धत बनवली: मुलाखती, जमिनीवर काढलेले नकाशे, ऋतूंचे तक्ते. पशुपालकाची साक्ष रोगनिदानाचा भाग झाली. शेवटची लागण २००१ मध्ये केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींत आढळली. २०११ मध्ये बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. या विजयाचं श्रेय सांगताना प्लोराइट आणि मॅरिनर यांच्या शेजारी अफारच्या अनाम लसटोचकांना बसवलं नाही, तर तो इतिहास अर्धा राहतो. आता शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगाचं उच्चाटन २०३० पर्यंत करण्याचं लक्ष्य आहे. तिथे हाच धडा लागू करायला हवा आणि त्यासाठी गावोगावच्या या पशुआरोग्य सेवकांना नियमित पैसे मिळायला हवेत. प्रकल्प संपला की त्यांचं मानधन संपतं, हे दुखणं अजून तसंच आहे.

याच मुलखातला दुसरा मोठा प्रयोग आभाळातून पाहणारा आहे. जानेवारी २०१० मध्ये केनियाच्या मार्साबित जिल्ह्यात नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने भागीदारांसह पशुधन विमा आणला. मेलेली प्रत्येक गाय मोजायला कुणी जाऊ शकत नाही. म्हणून उपग्रहाने रानाची हिरवाई मोजायची आणि ती गेल्या अनेक वर्षांच्या मानाने ठरावीक पातळीखाली गेली की त्या विभागातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे द्यायचे. पहिली भरपाई ऑक्टोबर २०११ मध्ये, मोठ्या दुष्काळात, वाटली गेली. या कामाबद्दल केनियाचे अँड्र्यू मुडे यांना २०१६ मध्ये नॉर्मन बोरलॉग यांच्या नावाचा क्षेत्रसंशोधन पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये प्रयोग इथिओपियातल्या बोराना भागात गेला. २०१३ मध्ये केनियातल्या वाजीरच्या मुस्लिम पशुपालकांसाठी शरियतला धरून त्याचं तकाफुल रूप आलं. २०१५ पासून केनिया सरकार तुर्काना आणि वाजीरमधल्या गरीब घरांचा पाच गुरांपर्यंतचा हप्ता स्वतः भरू लागलं.

आपल्याकडे ज्यांनी फळपिकाचा हवामान विमा काढलाय, त्यांना याचं मर्म समजावून सांगायला नको. बाग आपली, पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी. तिथे पाऊस झाला की आपल्या बागेत न पडलेल्या पावसाचे पैसे मिळत नाहीत. मार्साबितच्या पशुपालकाची अडचण याहून अवघड आहे, कारण त्याची बाग चालते. विमा एका विभागाचा, कळप वाईट वर्षी त्या विभागात थांबतच नाही. शिवाय उपग्रहाला दिसते ती हिरवाई. ती गवताची आहे की गुरं तोंड लावत नाहीत अशा झुडपांची, हे उपग्रहाला सहजासहजी कळत नाही. बारिंगोतली वेडी बाभूळ आभाळातून पाहिली तर रान झकास दिसेल. इथे मला पुन्हा ती दात गेलेली शेळी दिसते. तिची साक्ष घेतल्याशिवाय हिरव्या रंगाला चारा म्हणता येत नाही.

तरीही या विम्याला मी फसलेला प्रयोग म्हणणार नाही. त्याने ऐकलं. पहिल्या आराखड्यात गुरं मेल्याचा अंदाज बांधून नंतर पैसे मिळत. मेलेल्या गाईच्या पैशांत नवी गाय येते, पण दुष्काळानंतर गाई महाग झालेल्या असतात आणि मधल्या काळात लेकरं उपाशी झोपलेली असतात. मग आराखडा बदलला. गवत सुकायला लागलं की लवकर पैसे द्यायचे, म्हणजे वैरण, पाणी, औषध घेऊन आहे तो कळप जगवता येईल. चारा छावणी जनावरं हाडांची झाल्यावर उघडली काय आणि त्याआधी उघडली काय, यातला फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. विमा असलेल्या घरांनी दुष्काळात पडेल भावाने गुरं विकणं आणि जेवण कमी करणं टाळलं, असंही अभ्यासांतून दिसलं. मात्र सुरुवातीच्या उत्साहानंतर स्वतःच्या पैशाने विमा घेणारे कमी झाले आणि आजही अनुदानाविना तो उभा राहणं कठीण आहे. माझ्या मते त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या राज्याने कित्येक दशकं या मुलखाला रस्ता दिला नाही, त्याने हप्ता भरणं हा उपकार ठरत नाही.

२०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले तेव्हा इथिओपिया, केनिया आणि सोमालियात मिळून ९५ लाखांवर जनावरं मेली. एवढ्या मोठ्या संकटापुढे कोणताही एक उपाय पुरत नाही. पशुपालकांनी स्वतः केलेला बदल त्या काळात अधिक कामी आला: गाईंवर जीव टाकणारे बोराना आणि केनियातले सांबुरू आता उंटांकडे वळलेत. उंट झुडपं खातो, दिवसेंदिवस पाण्याविना चालतो आणि गाय आटली तरी दूध देतो. इसिओलो गावातल्या बायका हे दूध धुरी दिलेल्या भांड्यांत गोळा करून बसने नैरोबीच्या ईस्टलेला पाठवतात. हा धंदा संशोधकांच्या आधीपासून चालू आहे. शीतयंत्र, दूध तपासण्याची सोय, उंटांचा डॉक्टर या गोष्टी तिथे खऱ्या कामाच्या, कारण त्या चालत्या धंद्याला हातभार लावतात.

याच्या उलट बाजूचं म्हणणंही तेवढ्याच गंभीरपणे ऐकायला हवं. चालण्याची इतकी बाजू घेताना आपण त्या माणसांना जुन्या चित्रात कोंडत तर नाही ना? लोकसंख्या वाढली आहे. मुलींना शाळा हवी आहे आणि शाळा एका जागी असते. पशुपालक घरांतले कित्येक जण आता गावाच्या कडेला राहतात, फक्त एक भाऊ कळपाबरोबर असतो. शहरात बसून शेकडो गुरं राखायला ठेवणारे श्रीमंत मालक आहेत, बंदुका घेऊन कळप लुटणाऱ्या टोळ्या आहेत. हे सगळं खरं आहे आणि कुणी गुरं सोडून दुसरं काही करू म्हटलं, तर त्याला तो रस्ता मोकळा हवाच. मी चालण्याला पवित्र मानत नाही. पण युगांडाच्या करामोजात १९९८ पासून गुरं राखण्याच्या वेळा सांभाळून भरणारे वर्ग चालवले गेले, नायजेरियाने १९८९ मध्ये भटक्यांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोगच नेमला. शाळेला चालायला लावता येतं, याचे पुरावे आहेत. चालणं सोडायला लावण्याइतकी मेहनत त्यावर कुणी घेतली नाही.

आणि सगळ्यांत कठीण प्रश्न जमिनीचा आहे. तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या उभ्या आहेत, ३१० मेगावॉट क्षमतेच्या. प्रदूषणविरहित विजेचं ते मोठं यश म्हणून सांगितलं जातं. पण त्यासाठी दिलेली सुमारे दीड लाख एकर जमीन पशुपालकांची होती आणि ती देताना कायद्याची रीत पाळली गेली नाही, असा निकाल २०२१ मध्ये मेरूच्या न्यायालयाने दिला. केनियात २०१६ पासून सामुदायिक जमिनीचा कायदा आहे; त्यानुसार जमातींच्या नावे नोंदी करणं फार धिम्या गतीने चाललंय. लस, विमा, दूध, शाळा हे सगळं वाटा उघड्या असतील तरच चालतं. गुरांच्या वाटेवर एकदा तार लागली की बाकीचं संशोधन कुंपणाबाहेर उभं राहतं.

सोमाली पशुपालकांत कळप हलवण्याआधी जाणती माणसं पुढे पाठवतात. या टेहळणीला 'सहान' म्हणतात. तो माणूस कित्येक दिवस चालतो. गवत कोणतं आहे, किती दिवस पुरेल, गोचीड आहेत का, पाणी गोडं की खारं, हे पाहतो आणि परत येऊन सांगतो, मगच कळप उठतो. इथिओपियात जमातींनी आपली पारंपरिक चराऊ रानं नकाशावर आखून दिली, त्यावर उपग्रहाची ताजी हिरवाई चढवली आणि तो नकाशा मोबाइलवर देण्याचं काम सुरू झालं. आता टेहळ्या निघण्याआधी फोन पाहतो. चार दिशांपैकी दोन तिथेच गळतात, पायांचे आठ दिवस वाचतात. उरलेल्या दोन दिशांना तो जातोच. तिथे आधीच कुणाचे कळप उतरलेत, त्यांच्याशी आपल्या माणसांचं गेल्या वर्षी काय झालं होतं, ते पाण्यावर पाळी देतील का, हे त्याला त्यांच्या शेकोटीशेजारी बसून, चहा घेत विचारावं लागतं.